ऐलाच्या वाडग्यात खोट सापडेना

आमच्या सावियोकी गावात कोणाच्याही घरी गेलात तरी कपाटातल्या काचेला काही ना काही खोट असतेच. एका घरी फुलदाणीच्या तळाशी बुडबुडा अडकलेला असतो, दुसऱ्या घरी पेल्याची कड एका बाजूला कललेली असते, तिसऱ्याकडे निळ्या बशीतून राखाडी रेघ गेलेली असते. काचेचा कारखाना चालू होता तेव्हा चांगला माल गवतात गुंडाळून, पेट्यांत भरून गावाबाहेर जायचा. पारखणाऱ्याने नापास केलेला माल मात्र भट्टीवरच्या माणसांनी घरी न्यावा, अशी रीत होती. ज्यांनी मोठमोठ्या मेजवान्यांची काच फुंकली, त्यांच्या घरी पाहुण्याला दूध मिळायचे ते वाकड्या पेल्यातूनच. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. माझ्या आईचे साखरेचे भांडे टेबलावर ठेवले की थोडे फिरून मगच थांबायचे, आणि ते कोणाकडे तोंड करून थांबले यावर आम्ही भावंडे भांडायचो.

उलट एखाद्या कामगाराच्या कपाटात निर्दोष भांडे दिसले, तर बायका एकमेकींकडे बघायच्या. असले भांडे कारखान्याच्या दारातून उघड आलेले नसणार, कोटाखालून आलेले असणार, असा त्या बघण्याचा अर्थ होता.

कारखाना बंद झाल्यावर काच घासायच्या जुन्या शेडमध्ये संग्रहालय झाले. शेजारी मिर्याचे कॉफीघर आले, तळ्याकाठी काचेची पायवाट आली, आणि उन्हाळ्यात बसगाड्या भरून माणसे येऊ लागली. या वर्षी संग्रहालयाने गावातल्या घराघरातून एकेक वस्तू मागवली आणि प्रदर्शन मांडले. पाहुण्यांना ते फार आवडले. निर्दोष काच त्यांनी दुकानांत पाहिलेली असते, पण वाकडी काच आणि ती जपणारी माणसे त्यांना नवी होती.

मी गावच्या शाळेत शिकवत असे. शाळा बंद पडली, पण मुले काही सुटली नाहीत. दर बुधवारी नगरपालिकेच्या उन्हाळी शिबिरातली मुले संग्रहालयात येतात आणि मी त्यांना फिरवते. मुलांना नुसते "बघा" म्हटले तर ती बघत नाहीत, काहीतरी शोधायला दिले की बघतात. म्हणून या वर्षी मी त्यांना खोट शोधायला लावली.

"नियम लक्षात आहे ना?" मी म्हणाले. "हात लावायचा नाही. ज्याला खोट सापडेल त्यानं ओरडायचं नाही. माझ्या कानात येऊन सांगायचं."

थोड्याच वेळात माझा कान गरम झाला. बुडबुडे सापडले, रेघा सापडल्या, एका कोंबड्याच्या पुतळ्याला एकच पाय जाड आहे हेही सापडले. मग सायमी नावाची एक मुलगी आली. दातांत फट, हनुवटीवर खपली. ती कानात न सांगता सरळच बोलली.

"बाई, तो पलीकडचा वाडगा पास आहे."

"नीट बघ. वाकून बघ."

"वाकून बघितला. वरून बघितला, तिकडच्या खिडकीतून पण बघितला. त्यात काहीच नाही."

"मग दुकानातून आणला असेल," तिच्या मागचा एकजण म्हणाला.

"दुकानातलं इथं ठेवत नाहीत, येड्या. बाईंनी आत्ताच सांगितलं."

तिकिटाच्या टेबलामागून ताउनो केत्तुनेन उठला. तो संग्रहालय मंडळाचा अध्यक्ष. लहानपणी माझ्याच वर्गात शिकायला होता. त्याचा बाप कार्लो हा कारखान्याचा पारखणारा. कोणता माल पेटीत जाणार आणि कोणता नापास होणार, हे तोच ठरवायचा.

"काय म्हणतीय ती?" ताउनोने विचारले.

"खोट सापडत नाहीये त्यांना."

"त्यांना सापडत नाहीये, की तुलाही?"

मी बघितले. धुकट राखाडी रंगाचा, जाड भिंतीचा वाडगा. मला काही सापडले नाही. ताउनोने तो दोन्ही हातांत धरून खिडकीकडे नेला, सावकाश फिरवला, कडेवर नखाने टिचकी मारली. आवाज बराच वेळ टिकला. मुले कान देऊन ऐकत होती. त्याने वाडगा जागेवर ठेवला आणि हळू आवाजात मला म्हणाला, "ऑन्नी पुहाक्काच्या घरात हा आला कुठून?"

त्या प्रश्नाला जुने मूळ होते. आम्ही लहान असताना कारखान्यातून एक वाडगा नाहीसा झाला होता. याच धुकट रंगाचा, याच मापाचा. तो नमुन्याचा वाडगा होता, त्याच्याकडे बघून बाकीचे वाडगे पारखायचे. कामगारांच्या घरांची झडती झाली, पलंगाखाली आणि सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, सरपणातही हात घातले गेले, पण तो मिळाला नाही. नमुन्यांच्या खोलीची किल्ली कार्लोकडे असायची. त्याच्यावर चोरीचा आळ उघडपणे कोणी घेतला नाही, पण त्याला पारखण्याच्या कामावरून काढून पेट्या भरायला लावले. तिथे तो शेवटपर्यंत गवत भरत राहिला.

आणि हा वाडगा आणला होता ऐलाने. ऑन्नी पुहाक्काची ती एकुलती मुलगी, आमच्याहून धाकटी, नमुना नाहीसा झाला त्याच वर्षी जन्मलेली. ऑन्नी आमच्या गावचा सगळ्यांत चांगला फुंकणारा. यंदा जुन्या भट्टीच्या जागी एक लहान भट्टी बांधली होती, तिथे पाहुण्यांनी स्वतः नळीतून काच फुंकून बघायची. तिला ऑन्नीचे नाव द्यायचे असे मंडळाने ठरवले होते. युहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाला ती उघडायची होती. पाटी कोरून तयार होती. कामगाराचे नाव दारावर लागण्याची आमच्या गावातली ही पहिलीच वेळ. एरवी मालकांची नावे रस्त्यांना, चित्रकारांची नावे काचेला, आणि फुंकणाऱ्यांची नावे फक्त दफनभूमीत. ऐला त्या पाटीकडे किती डोळे लावून बसली होती, हे मला ठाऊक होते.

दुपारी मी मिर्याकडे कॉफीला गेले. मिर्या माझी जुनी विद्यार्थिनी. तिने दालचिनीचा पाव माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःही समोर बसली.

"हेल्वीबाई, खरं का हो? हरवलेला नमुना ऐलाच्या घरात सापडला म्हणे."

"सापडला नाही. तिनं एक वाडगा आपण होऊन आणून ठेवलाय. तो नमुना आहे की नाही, कोणाला माहीत?"

"तेच तर. इतक्या वर्षांनी कोण ओळखतंय, असं वाटलं असेल तिला."

"मिर्या, तू दुसरीत होतीस तेव्हाही प्रश्न पुरा व्हायच्या आधी उत्तर द्यायचीस."

"आणि बरोबर यायचं की नाही?"

"निम्मं."

"निम्मं तर निम्मं," ती म्हणाली. "पण ऑन्नी मे महिन्यातसुद्धा लांब कोट घालायचा, हे माझी आई नेहमी सांगायची."

शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने मान हलवली. त्यालाही तो कोट आठवला. मग कोणाला ऑन्नीची नवी सायकल आठवली, कोणाला तो झडतीच्या दिवशी आजारी असल्याचे आठवले. संशयाला स्मरणशक्ती फार असते. एरवी काल काय खाल्ले ते न आठवणारी माणसे ऑन्नीच्या कोटाची बटणेसुद्धा सांगू लागली.

मीही काही वेगळी नव्हते. कोट मलाही आठवत होता. ऑन्नीचे काम भट्टीपुढचे, घामाने भिजलेल्या माणसाने बाहेर पडताना कोट घालणे साहजिक आहे, हेही माहीत होते. तरी घरी जाताना मनात येत राहिले की त्या कोटाखाली एक वाडगा सहज मावला असता.

दुसऱ्या दिवशी मी ऐलाकडे गेले. तिने दार उघडले, पण ती दारातून बाजूला झाली नाही.

"तूपण तेच विचारायला आलीस."

"कॉफी प्यायला आले."

"कॉफी तुझ्या घरी पण आहे."

"तुझ्यासारखी नाही. मी फार पातळ करते, असं तूच म्हणतेस."

मग तिने आत घेतले. तिच्या कपाटात वाडग्याच्या जागी धुळीत एक स्वच्छ गोल उमटलेला होता. ती कपबशा मांडत असताना मी त्या गोलाकडे बघत होते, आणि मी बघतेय हे तिला दिसत होते.

"बाबांनी दिला तो," ती म्हणाली. "माझ्या जन्मापासून घरात आहे. कधी पाणी घातलं नाही त्यात, फूल ठेवलं नाही. बाबा म्हणायचे, हा फक्त बघायचा. सगळ्या घरात तेवढीच एक वस्तू होती जिच्यात काही कमी नव्हतं. बाबांना त्या भट्टीचा मान मिळणार, तर त्यांची चांगली वस्तू लोकांना दाखवावी, एवढंच मला वाटलं."

"आणि बाबांना कोणी दिला?"

ती उठली आणि खिडकीतल्या रोपाला पाणी घालू लागली. कुंडी आधीच ओली होती.

"सांग ना, ऐला. तुझ्या सांगण्यानं सगळं मिटेल."

"मिटणार नाही. इथून उठेल आणि दुसरीकडे पेटेल." तिने झारी खाली ठेवली. "हेल्वी, तू एवढी मुलं शिकवलीस. मला एक सांग. ज्या माणसानं आयुष्यभर चांगली काच फुंकली, त्याच्या घरात एक चांगला वाडगा असू नये का गं?"

 मी कॉफी पिऊन निघाले. ती काहीतरी लपवतेय याची मात्र आता मला खात्री झाली. बापाचा गुन्हा लपवतेय, असाच अर्थ मी लावला. दुसरा अर्थ असू शकतो, हे डोक्यात आले नाही.

पुढच्या सोमवारी ती वाडगा परत न्यायला संग्रहालयात आली. मी तिथेच होते. ताउनोने तोवर वाडगा एका जुन्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले होते. ते कपाटही त्याने शेडच्या मधोमध, कारखान्याची जुनी चित्रफीत दाखवणाऱ्या टीव्हीच्या मोठ्या पडद्यासमोर ओढून आणले होते. तिकिटाच्या टेबलावरून त्यावर सतत नजर ठेवता यावी म्हणून.

"वाडगा दे," ऐला म्हणाली.

"मंडळाची बैठक शुक्रवारी आहे. तोपर्यंत नाही."

"माझा आहे तो."

"कोणाचा आहे, तेच ठरायचंय."

"तू लहानपणी हरलास की दुसऱ्याच्या गोट्या तपासायचास. अजून तसाच आहेस."

"आणि कधीकधी त्यात माझी गोटी सापडायची," ताउनो म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "माझ्या बापानं सगळ्या कारखान्याचा माल पारखला, ऐला. त्याच माणसानं पुढे गवत भरलं. घरी यायचा तेव्हा त्याच्या केसांत गवत असायचं. जेवताना एक शब्द बोलायचा नाही. ते कोणामुळे झालं, हे मला कळायला नको?"

ऐलाने त्याच्याकडे बघितले. तिचे ओठ हलले. ती काहीतरी बोलणार असे वाटले. पण ती वळली आणि निघून गेली. जाताना तिने नव्या भट्टीकडे बघितले. तिथे पाटी होती, पण तोंड भिंतीकडे करून. ताउनोने फिरवून ठेवली होती.

"बघितलंस?" तो मला म्हणाला. "खरं असतं तर बोलली असती."

शुक्रवारी मंडळ काय ठरवणार हे सगळ्यांनाच कळून चुकले होते. पाटीवर नुसते "भट्टी" असे लिहायचे, आणि ऑन्नीचे नाव पुन्हा कोणी काढायचे नाही.

बुधवारी मुले आली. सायमीच्या नाकावर एक मोठा काळा चष्मा होता. तो तिच्या आजोबांचा. ते तळ्यावर मासे धरायला जाताना घालतात. त्यातून पाण्यावरची चकाकी नाहीशी होते आणि खालचे मासे दिसतात. तिने तो दिवसभर काढायचा नाही असे ठरवले होते. मी तो काढायला लावला नाही. वस्तू नवी असते तोवर तिच्याशी भांडण्यात अर्थ नसतो.

"आज कपाटातला वाडगा सोडून बाकीचं बघायचं," मी म्हणाले.

साहजिकच सगळी मुले कपाटाकडे गेली. सायमी पडद्यावरची चित्रफीत बघत होती. तिने मान एका खांद्याकडे वाकडी केली, मग दुसऱ्या.

"बाई, मान वाकडी केली की पडदा काळा होतो."

"चष्म्यामुळे होत असेल. सरळ उभी राहा, पडशील."

"पण वाडगा काळा होत नाही."

"म्हणजे?"

"पडदा काळा होतो, आणि वाडग्यात रंग येतात. पिवळा आहे, जांभळा आहे. पट्टे पट्टे."

मला वाटले, ती गंमत करतेय. तरी मी चष्मा मागून घेतला. मुलांनी सांगितलेले आधी बघावे आणि मग खोटे म्हणावे, एवढे तरी मी इतक्या वर्षांत शिकले आहे. मी कपाटासमोर उभी राहिले, मान वाकडी केली. मागचा पडदा काळोखा झाला आणि त्या काळोखात वाडगा उजळला. त्याच्या भिंतींतून पिवळे, जांभळे, हिरवे पट्टे गेले होते. ओला कपडा पिळावा तसे ते एका बाजूला पिळले गेले होते. चष्मा काढला, पुन्हा तोच धुकट, शांत वाडगा.

मुले रांग लावून बघू लागली आणि मी मागे उभी राहून आठवत होते. आमच्या वर्गाला लहानपणी कारखाना दाखवायला नेले होते तेव्हा कार्लोने त्याचा दिवा दाखवला होता. दिव्यापुढे काळपट काचेच्या दोन ताटल्या आणि त्यांच्यामध्ये भांडे. चांगले भांडे तिथे काळेच दिसायचे. ज्यात रंग दिसतील ते वाईट. आज पडदा आणि चष्मा मिळून तसाच दिवा झाला होता. फुंकलेली काच निववण्याच्या भट्टीत फार सावकाश गार करावी लागते. घाई झाली तर बाहेरून काही कळत नाही, पण काचेच्या आत ओढाताण राहून जाते. असे भांडे वर्षानुवर्षे टिकेल, किंवा कोमट पाणी घातल्याबरोबर हातात फुटेल. म्हणून असला माल कोणाला घरी न्यायला मिळत नसे. कार्लो त्याला दिव्याखालून काढायचा आणि तिथल्या तिथे स्वतः हातोडी घालायचा.

ही खोट आमच्या गावात कोणाच्याच कपाटात नव्हती. म्हणून ती शोधायचे कोणाला सुचले नाही. आम्ही सगळे बुडबुडे आणि रेघा शोधत बसलो होतो.

"बाई, सापडली ना खोट?" सायमीने विचारले.

"सापडली."

"मग मी ताउनोआजोबांना सांगू?"

"आत्ता नको. ज्या बाईंचा वाडगा आहे त्यांना आधी सांगायचं. एखाद्याच्या वस्तूत खोट निघाली तर ती त्याला सगळ्यात आधी कळली पाहिजे. शेजाऱ्यांना नंतर."

तिने विचार केला. "पण चष्मा उद्या सकाळी परत पाहिजे. आजोबा गुरुवारी तळ्यावर जातात."

"आज संध्याकाळीच आणून देते."

शिबिराची गाडी गेली आणि मी ऐलाला घेऊन आले. ती येत नव्हती. "मला तिथं पुन्हा उभं राहायचं नाही," म्हणत होती. मी तिला वाटेत काही सांगितले नाही. ज्याला डोळ्यांनी बघता येते त्याला आधी शब्दांनी सांगू नये.

ताउनो टेबलावर बसून होता. आम्हाला बघताच त्याने किल्ली खिशात टाकली.

"किल्ली नको आहे," मी म्हणाले. "बाहेरूनच बघायचंय."

मी ऐलाच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि तिची मान हाताने जरा कलती केली.  मग तिने चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा घातला.

"हे काय आहे?"

"खोट आहे, ऐला. भांडं नीट निवलेलं नाही."

कार्लोच्या दिव्याचे मी तिला सांगितले. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हते. शेवटी ती मुलांच्या बुटक्या बाकावर बसली.

"म्हणजे बाबांना माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून पाणी घालू द्यायचे नाहीत."

"असणार."

"मला वाटायचं, फार चांगला आहे म्हणून." तिने चष्म्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या. "लहानपणी मी आजारी पडले की तो टेबलावर ठेवायचे. म्हणायचे, बघ, याच्यात एक डाग सापडतो का. मी शोधत शोधत झोपून जायचे. कधी सापडला नाही."

मी तिच्या शेजारी बसले.  बापाचे नाव वाचवणारी गोष्ट तिच्या हातात होती, आणि त्याच गोष्टीने तिचा एकमेव निर्दोष वाडगा हिरावून घेतला होता.

"काय कुजबूज चाललीय?" ताउनो टेबलामागून आला.

ऐलाने चष्मा त्याच्यापुढे धरला. "घे. तुझ्या बापाचं काम आहे, तुला लवकर कळेल."

त्याने आधी चष्म्याकडे संशयाने बघितले, मग घातला, आणि मी सांगितले तशी मान कलती केली. त्याचा खालचा ओठ पुढे आला. कार्लोचाही यायचा.

"हा नमुना नाही," तो म्हणाला. "नमुना दिव्याखाली काळा राहिला असता." मग चष्मा न काढताच म्हणाला, "पण असला माल बाहेर कसा आला? असला माल फोडायचा असतो."

"तुझ्या बापानं दिला," ऐला म्हणाली.

तो वळला.

"मी जन्मले त्या दिवशी निववण्याची भट्टी विझली होती. बाबांचा दिवसभराचा सगळा माल गेला, असं ते सांगायचे. कार्लोनं त्यातला एकच वाडगा बाबांच्या हातात दिला आणि म्हणाला, मुलगी झालीय, घरी ने. कोणाला सांगू नको. बाबांनी मलाही तेच सांगितलं, कार्लोचं नाव कधी काढायचं नाही. बाकीचा माल फोडला, पण हाही वाईट आहे, तेवढं मात्र त्यांनी मला सांगितलं नाही."

"मग गेल्या सोमवारी का बोलली नाहीस?"

"तू म्हणालास हा नमुना आहे. किल्ली तुझ्या बापाकडे, आणि वाडगा तुझ्या बापानं दिलेला. मग मी काय समजायचं? आणि केसांतल्या गवताचं सांगणाऱ्या माणसाच्या तोंडावर ते कसं म्हणायचं?"

ताउनोचा चेहरा लाल झाला. "म्हणजे इतके दिवस तू माझ्या बापाला चोर समजत होतीस?"

"आणि तू माझ्या."

 पडद्यावर कोणीतरी फुंकत होते, काचेचा गोळा फुगत होता.

ताउनो लगेच हार मानणारा नाही. "कार्लोनं दिला हे तूच सांगतेस," तो म्हणाला. "ऑन्नीनं फुटक्या मालाच्या ढिगाऱ्यातून उचलला असेल."

"ढिगाऱ्यात फुटल्याशिवाय काही जायचं का?" मी विचारले. "दिव्याखालून काढला की तिथंच हातोडी, आणि हातोडी फक्त कार्लोच्या हातात. मुलांना दर उन्हाळ्यात हे तूच सांगतोस."

 त्याने खिशातून किल्ली काढली, कपाट उघडले आणि वाडगा बाहेर काढला. दोन्ही हातांनी, छातीशी धरून, आधीपेक्षा कितीतरी सांभाळून. तो ऐलाच्या मांडीवर ठेवताना म्हणाला, "याला गरम हात लावू नको."

"इतकी वर्षं नाही लावला."

"ते खरं." तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथून तळ्यापलीकडचा व्यवस्थापकाचा जुना बंगला दिसतो. आता तिथे पाहुणे उतरतात. "मग नमुना गेला कुठे?"

"ताउनो, आता पुरे," मी म्हणाले.

"नाही, विचारतोय फक्त. आपल्या सगळ्यांच्या घरांची झडती झाली. त्या बंगल्याची झाली का?"

कोणाला आठवेना. झाली नसावी. त्या बंगल्याच्या कपाटांत निर्दोष काचच असायची, तिथे आणखी एक वाडगा दिसला असता तर कोणी मान वळवून बघितले नसते. ताउनो बराच वेळ तिकडे बघत राहिला, आणि मला कळले की त्याचा संशय आता कुठे राहायला गेला आहे. मिर्याला कळायला संध्याकाळही लागणार नव्हती.

ऐला वाडगा घेऊन उठली. दारापाशी पोचली तेव्हा त्याने तिला हाक मारली. माफी वगैरे त्याच्या तोंडून निघणार नव्हती, आणि तिनेही वाट पाहिली नाही. तो बाहेर गेला, भिंतीकडे तोंड केलेली पाटी सरळ केली आणि बाहीने तिच्यावरची धूळ पुसली.

"सुतारानं नुसतं 'ऑन्नी' कोरलंय," तो म्हणाला. "बाहेरच्यांना आडनाव जमत नाही म्हणून. असंच राहू दे, की परत पाठवू?"

"परत पाठव," ऐला म्हणाली. "ऑन्नी इथं घरटी एक होता. कोणता ऑन्नी, ते लोकांना कळू दे."